रोजकीर्द, खतावणी आणि सर्व्हर : मोठा संगणक सुखरूप कसा बंद करतात

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. सोसायटीच्या काउंटरसमोर पंधरावीस माणसे ताटकळत असतात, कुणाला सोनेतारण कर्जाचे व्याज भरायचे असते, कुणाला मुलीच्या फीसाठी ठेव मोडायची असते, आणि काचेवर एक पुठ्ठा टेकवलेला असतो : ‘सर्व्हर डाऊन आहे’. तासाभरापूर्वी करंट गेलेला असतो (आमच्याकडे वीज जात नाही, करंट जातो), दहा मिनिटांत तो परतही आलेला असतो, पंखे फिरत असतात, ट्यूबलाइट लागलेली असते. पण पुठ्ठा काही हलत नाही. मग रांगेतले कुणीतरी विचारतेच, “करंट येऊन पाऊण तास झाला, तुमचा सर्व्हर कुठे अडकला?”

प्रश्न रास्त आहे. ट्यूबलाइटला जे जमते ते लाखभर रुपयांच्या यंत्राला का जमू नये, असे कुणालाही वाटेल. ट्यूबलाइटला मात्र काही लक्षात ठेवायचे नसते. सर्व्हरचे सगळे कामच लक्षात ठेवण्याचे असते, आणि करंट अचानक गेला तेव्हा तो लिहितालिहिता मध्येच थांबलेला असतो. त्या पाऊण तासात तो आपण नेमके कुठे थांबलो होतो हे शोधत असतो.

सर्व्हर म्हणजे कोणता संगणक?

जो संगणक इतर संगणकांच्या मागण्या पुरवतो तो सर्व्हर, एवढी व्याख्या आपल्याला पुरे आहे. काउंटरवरची कारकून खाते क्रमांक टाकते, तिचा संगणक ती मागणी सर्व्हरकडे पाठवतो आणि सर्व्हर शिल्लक कळवतो. हा सर्व्हर बेंगळुरूच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असू शकतो, किंवा मॅनेजरच्या केबिनमागच्या अडगळीच्या खोलीत, जुन्या पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यांशेजारीही असू शकतो. आपल्या भागात दुसरा प्रकार अजून पुष्कळ दिसतो. घरच्या संगणकापेक्षा त्याचा मुख्य फरक एवढाच, की एकाच वेळी अनेकांचे काम त्याच्या हातात अर्धवट असते.

पिग्मीवाल्याची पिशवी

संगणकाकडे लिहिण्याच्या दोन जागा असतात. मेमरी ही दगडी पाटीसारखी आहे : लिहायला झटपट, पण करंट गेला की कोरी. डिस्क ही पक्की वही आहे : लिहायला वेळ लागतो, पण लिहिलेले टिकते. मेमरीतून एखादी गोष्ट काढायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कला त्याच कामासाठी सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळपास एक लाखपट वेळ. नव्या, फिरती तबकडी नसलेल्या एसएसडी डिस्क पुष्कळ वेगवान आहेत, पण मेमरीच्या तुलनेत त्याही मंदच.

म्हणून संगणक एक युक्ती करतो, आणि ती समजून घ्यायला पिग्मीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने सुरू केलेली ही अल्पबचत आज बेळगावच्या गल्ल्यांत इतकी मुरली आहे, की तिचे मूळ किनाऱ्यावरचे आहे हे कुणाच्या ध्यानातही नसते. पिग्मी गोळा करणारा माणूस प्रत्येक दुकानात वीस रुपये घेतल्यावर सोसायटीत धावत जात नाही. तो दिवसभराचे पैसे पिशवीत ठेवतो आणि संध्याकाळी एकदम भरणा करतो. संगणकही डिस्कवर लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवतो आणि सवडीने, गठ्ठ्याने डिस्कवर उतरवतो. या तात्पुरत्या साठ्याला कॅश म्हणतात. रोकडीशी त्याचा काही संबंध नाही. लिनक्स या सर्व्हरांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत हा भरणा करणारा सेवक मूळ मांडणीनुसार दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्कवर उतरवतो. म्हणजे पडद्यावर ‘फाईल सेव्ह झाली’ असे दिसले, तरी ती अर्धा मिनिट पिशवीतच असू शकते.

करंट जाणे म्हणजे पिग्मीवाल्याची पिशवी रस्त्यातच हरवणे.

अर्धे पान

हरवलेल्या पिशवीपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे अर्धवट लिहिलेले पान. हिशेब आणि खाती ज्यात ठेवतात तो प्रोग्राम म्हणजे डेटाबेस, आणि तो आपला मजकूर ठरावीक मापाच्या पानांवर लिहितो. पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसचे पान ८ किलोबाइटचे, तर मायएसक्यूएलचे सहसा १६ किलोबाइटचे असते. डिस्क मात्र ५१२ किंवा ४,०९६ बाइटांचा (म्हणजे अर्ध्या किंवा ४ किलोबाइटचा) एक तुकडाच अखंड लिहिण्याची हमी देते. तेव्हा १६ किलोबाइटचे पान लिहिताना चारपैकी दोन तुकडे झाल्यावर करंट गेला, तर वरचे अर्धे पान आजचे आणि खालचे अर्धे कालचे राहते. असे पान जुनेही नसते आणि नवेही नसते. त्यावरची बेरीज कशाशीच जुळत नाही.

यावरचा उपाय आपल्या हिशेबनीसांनी संगणकाच्या कितीतरी आधी शोधून ठेवला होता. व्यवहार झाला की तो आधी तारीखवार रोजकीर्दीत चढवायचा आणि मग रोजकीर्दीवरून खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. खतावणी करताना हिशेबनीस आजारी पडला, तरी दुसरा माणूस रोजकीर्द उघडून काम पुढे नेऊ शकतो. डेटाबेस नेमके हेच करतो : आधी नोंदवहीत ‘मी आता असा बदल करणार आहे’ असे लिहितो, ती नोंद डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री करून घेतो, आणि मगच मूळ पाने सवडीने बदलतो. फाईली सांभाळणाऱ्या यंत्रणेतही अशीच नोंदवही असते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ती १९९३ पासून आहे, आणि लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या एक्स्ट-३ बरोबर ती सर्वसामान्य झाली.

आता त्या पाऊण तासाचा हिशेब लागतो. करंट परत आल्यावर सर्व्हर आधी स्वतःची यंत्रसामग्री तपासतो, मग फाईलींची नोंदवही वाचतो, मग डेटाबेस आपली रोजकीर्द पहिल्या शंकास्पद नोंदीपासून पुन्हा चालवतो : पूर्ण झालेले व्यवहार खतावणीत नेतो आणि अर्धवट राहिलेले खोडतो. डिस्कच्या जोडीवर मजकूर दुहेरी ठेवलेला असेल, तर दोन्ही प्रती जुळतात का हेही पाहावे लागते, आणि त्याला कधी तासही लागतात.

“रोजकीर्द आहेच, मग करंट गेला तर बिघडले काय?”

हा आक्षेप जाणकार घेतात आणि तो पोकळ नाही. चांगला डेटाबेस चांगल्या डिस्कवर असेल, तर करंट गेल्याने पक्का झालेला व्यवहार सहसा हरवत नाही. अडचण ‘चांगल्या’ या शब्दात आहे.

पहिली गोष्ट, डिस्कच्या पोटातही एक छोटी पिशवी असते. सर्व्हरने ‘पक्के लिही’ म्हटल्यावर काही स्वस्त डिस्क मजकूर या पिशवीत टाकतात आणि लिहून झाले असे सांगून मोकळ्या होतात. सर्व्हरसाठी बनवलेल्या महागड्या एसएसडींमध्ये करंट गेल्यावर क्षणभर पुरेल एवढी वीज धरून ठेवणारे कपॅसिटर असतात आणि त्या क्षणात पिशवी रिकामी केली जाते. बाजारातल्या साध्या एसएसडीत ते बहुधा नसतात. पैसे वाचवण्यासाठी साधी डिस्क सर्व्हरमध्ये बसवली, की ही उणीव पहिल्या वादळी पावसापर्यंत झाकलेली राहते.

दुसरी गोष्ट, सगळ्याच प्रोग्रामांना रोजकीर्द नसते. अनेक लहान संस्थांचा हिशेब वर्षानुवर्षे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर चालला. मायक्रोसॉफ्टने त्याची पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे २००७ साली जाहीर केले, तरी ते प्रोग्राम पुढेही वापरात राहिले. त्यांत मजकुराची फाईल वेगळी आणि अनुक्रमणिकेची वेगळी असते, आणि लिहितालिहिता करंट गेला की दोघींचा मेळ तुटतो. मग खाते क्रमांक एकाचा आणि शिल्लक दुसऱ्याची, असे प्रकार दिसू लागतात, आणि ‘रीइंडेक्स’ नावाचा, म्हणजे अनुक्रमणिका नव्याने बनवण्याचा, विधी करावा लागतो. ज्यांनी तो केला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

शटर अर्धे ओढणे

आता नीट बंद करणे म्हणजे काय ते पाहू. बेळगावच्या गणपत गल्लीतला साड्यांचा दुकानदार रात्री दुकान बंद करताना आधी शटर अर्धे खाली ओढतो. नवे गिऱ्हाईक आत येत नाही, आत बसलेल्यांचे व्यवहार पुरे होतात, घड्या पुन्हा कपाटात जातात, गल्ला मोजला जातो, आणि शेवटी मेन स्विच पाडून कुलूप लागते. सर्व्हरला ‘शटडाऊन’चा हुकूम दिला की जवळपास याच क्रमाने गोष्टी घडतात. प्रथम नव्याने आत येणे बंद होते. मग चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला एक सूचना जाते, जिचा अर्थ ‘हातातले आवर आणि नीघ’ असा आहे. लिनक्समध्ये तिचा क्रमांक १५ आहे. प्रोग्राम ती सूचना ऐकून आपली कामे मिटवतो. साधारण ९० सेकंदांची मूळ मुदत संपूनही जो आवरत नाही, त्याला ९ क्रमांकाची सूचना जाते, आणि ती खरे तर सूचना नसतेच. प्रोग्रामला काहीही न विचारता त्याला उचलून बाहेर टाकले जाते. त्यानंतर मेमरीतला उरलेला सगळा मजकूर डिस्कवर उतरतो, फाईलींच्या यंत्रणेवर ‘नीट बंद केले’ असा शिक्का पडतो, आणि मग वीज तोडली जाते.

डेटाबेसच्या बाबतीत जरा रेंगाळायला हवे, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. पोस्टग्रेस बंद करण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिलीत तो आतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने आपणहून उठण्याची वाट पाहतो. ऐकायला सभ्य, पण एखादी कारकून पडदा उघडा ठेवून जेवायला गेली असेल तर ही वाट संपतच नाही. दुसरीत तो सगळ्यांना उठवतो, अर्धवट व्यवहार रद्द करतो, वह्या मिटवतो आणि थांबतो. रोजच्या वापराला हीच योग्य आणि अलीकडच्या आवृत्त्यांत हीच मूळ तऱ्हा आहे. तिसरीत तो वह्या उघड्या टाकून निघून जातो आणि पुढच्या वेळी रोजकीर्द पुन्हा चालवावी लागते. म्हणजे करंट गेल्यासारखेच, फक्त आपल्या हाताने केलेले. घाईतला माणूस नेमकी तिसरी निवडतो.

इथे शब्दांचाही एक गोंधळ आहे. लिनक्समध्ये ‘हॉल्ट’ म्हणजे काम थांबवणे. त्यानंतर यंत्र थांबते, पण पंखे फिरत राहू शकतात. ‘पॉवरऑफ’ म्हणजे थांबवून वीजही तोडणे, आणि ‘रीबूट’ म्हणजे थांबवून पुन्हा सुरू करणे. हा भेद जुन्या काळचा आहे. १९९५ पर्यंतच्या सर्वसाधारण संगणकाला स्वतःची वीज स्वतः तोडता येत नसे. विंडोज ९५ मधला तो काळा पडदा आणि ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची नारिंगी अक्षरे पाहिलेले वाचक अजून असतील. ती अक्षरे उमटल्यावर माणसाने हाताने बटण दाबायचे असे. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स या रचनेमुळे आणि पाठोपाठच्या एसीपीआय या मानकामुळे प्रोग्रामच्या हुकुमाने वीज तुटू लागली. आजच्या संगणकाचे समोरचे बटण एकदा दाबून सोडले तर सहसा ‘नीट आवर’ अशी विनंती जाते. तेच चार सेकंद दाबून धरले की मान मुरगाळली जाते. दोन्हींचा शेवट पडद्यावर सारखाच दिसतो, म्हणून फरक कुणाला पटत नाही.

आधी कोण, मागून कोण?

उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना हा भाग समजावायची गरज नाही. इंडक्शन भट्टीत लोखंडाचा रस असताना करंट गेला, तरी भट्टीच्या कॉइलमधून फिरणारे थंड पाणी चालूच ठेवावे लागते, म्हणून त्याची वेगळी सोय असते. तिथे प्रत्येक गोष्टीला बंद होण्याचा आपला नंबर आहे. सर्व्हरच्या खोलीतही आधी लोकांशी बोलणारे प्रोग्राम बंद करायचे, मग डेटाबेस, आणि सगळ्यात शेवटी सामायिक डिस्क ठेवणारे यंत्र. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी, म्हणजे प्रोग्रामने उभे केलेले, सर्व्हर चालत असतील, तर आधी पोटातले, मग पोट. सुरू करताना हाच क्रम उलटा. नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी जिथे जोडतात ती पेटी, मात्र शेवटपर्यंत जागा हवा, कारण ‘बंद हो’ हा हुकूम त्याच्यातूनच प्रवास करतो. सर्व्हरला यूपीएस (बॅटरीची पेटी) आणि स्विचला भिंतीचा सॉकेट, अशी जोडणी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे, की हल्ली खोलीत शिरल्यावर आधी तीच वायर शोधतो.

दुसरी चूक माझी स्वतःची. काही वर्षांपूर्वी टिळकवाडीतल्या घरून दोन सर्व्हरांवर एकाच वेळी काम करत होतो. घरातला चाचणीचा बंद करायचा होता आणि हुकूम दुसऱ्या खिडकीत दिला गेला. खानापूरच्या पलीकडचा तो सर्व्हर अत्यंत शिस्तीने, एकही नोंद न हरवता, नीट बंद झाला. त्याला दुरून चालू करण्याची सोय नव्हती. पावसात मोटारसायकलवरून जाऊन एक बटण दाबून आलो. असे पुष्कळांचे झाले असावे, कारण चुकीचे यंत्र बंद होऊ नये म्हणून ‘आधी या सर्व्हरचे नाव टाइप करा’ असे विचारणारा एक छोटा प्रोग्रामच मिळतो. त्याचे नाव मॉली-गार्ड. जुन्या आयबीएम यंत्राचे लाल बटण एका प्रोग्रामरच्या लहानग्या मुलीने एकाच दिवसात दोनदा दाबले, तेव्हा त्यावर बसवलेल्या पारदर्शक झाकणाला तिच्या नावावरून हे नाव पडले, असे सांगतात.

“आमच्याकडे यूपीएस आहे”

यूपीएस म्हणजे करंट गेल्यावर बॅटरीवर काम चालवणारी पेटी, आणि तिच्याविषयी एक गैरसमज घट्ट बसला आहे. लोक तिला इन्व्हर्टरचा भाऊ समजतात : करंट गेला तरी काम चालू राहील. सर्व्हरच्या यूपीएसचे खरे काम सर्व्हर नीट बंद होईपर्यंतचा वेळ विकत देणे हे आहे, आणि त्यासाठी यूपीएसने सर्व्हरला सांगायला हवे की ‘मी आता बॅटरीवर आहे’. हा निरोप एका साध्या यूएसबी केबलमधून जातो. ती केबल बहुतेक वेळा खोक्यातच राहते, आणि मग बॅटरी संपताच सर्व्हर पडतो तो यूपीएस नसल्यासारखाच, फक्त वीस मिनिटे उशिरा. केबल न जोडलेला यूपीएस ही माझ्या मते अर्धी खरेदी आहे.

केबल जोडल्यावर गणित करावे लागते. समजा बॅटरी १५ मिनिटे टिकते आणि सर्व्हरला पूर्ण आवरायला ६ मिनिटे लागतात. तर ५ मिनिटे वाट पाहून, करंट आला नाही, की आवरायला सुरुवात करावी; मधली ४ मिनिटे गाठीला राहतात. ती लागतात, कारण बॅटरी म्हातारी होते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षे, तेही २५ अंश तापमानात. त्यावर प्रत्येक १० अंशांना ते सुमारे निम्मे होते. बेळगावच्या हवेत हे एक वेळ निभावते, बिदरकडच्या भालकी–औरादच्या उन्हाळ्यात बंद खोलीतल्या बॅटरीचे काय होत असेल ते सांगायला नको.

जनरेटर असला तरी यूपीएस हवाच, कारण डिझेल इंजिन सुरू होऊन स्थिरावेपर्यंतचे काही सेकंद कुणीतरी सांभाळावे लागतात.

आणि एक गंमतशीर सापळा. सर्व्हरने नीट आवरले, तो थांबला, पण यूपीएसची बॅटरी संपण्याआधीच करंट आला. सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, म्हणून ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ ही त्याची मांडणी जागीच होत नाही, आणि तो सकाळपर्यंत बंद राहतो. यासाठी सर्व्हरने थांबताथांबता यूपीएसलाच ‘आता तूही क्षणभर पुरवठा तोड’ असे सांगून ठेवायचे असते. ही सोय बऱ्याच यूपीएसमध्ये असते, पण ती चालू करून ठेवावी लागते.

करंट येणेही धोक्याचे

करंट आल्याआल्या सगळे एकदम चालू करण्याचा मोह आवरावा. आपल्याकडे तो पहिल्यांदा येतो, दोन मिनिटांनी जातो आणि मग खरा येतो. त्या दोन मिनिटांत सर्व्हर रोजकीर्द चालवत असतो, आणि दुरुस्ती चालू असताना बसलेला दुसरा धक्का पहिल्यापेक्षा महाग पडू शकतो. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजची विमानसेवा कोलमडली आणि सुमारे ७५ हजार प्रवासी अडकले. डेटा सेंटरचा पुरवठा तोडला गेला होताच, पण तो बेशिस्तपणे पुन्हा जोडला गेल्याने मोठे नुकसान झाले, असे त्या कंपनीच्या मालक समूहाच्या प्रमुखांनी तेव्हा सांगितले होते.

“मग बंद करूच नका ना!”

हाही उपाय सुचवला जातो, आणि चार वर्षे न थांबलेला सर्व्हर अभिमानाने दाखवला जातो. मला अशा सर्व्हरची भीती वाटते. चार वर्षांत त्याच्या मांडणीत जे बदल झाले, ते पुन्हा सुरू होताना टिकतील की नाही हे कुणीच पाहिलेले नसते, सुरक्षेच्या कित्येक दुरुस्त्या लागू व्हायच्या राहिलेल्या असतात, आणि अखंड फिरलेली जुनी तबकडी एकदा थंड झाली की पुन्हा फिरायलाच तयार नसते, असेही घडते. हे सारे एखाद्या रविवारी दुपारी उघडकीस आलेले बरे, ३१ मार्चच्या संध्याकाळी नको.

सगळे क्लाऊडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या सर्व्हरांवर, नेले तर? क्रम आणि मुदत तिथेही सुटत नाहीत. प्रोग्राम वेगळ्या डब्यात घालून चालवण्याच्या डॉकर या तऱ्हेत प्रोग्रामला आवरायला मुळात १० सेकंद मिळतात, असे अनेक डबे सांभाळणाऱ्या कुबर्नेटिसमध्ये ३०. तेवढ्यात ज्याला गल्ला मोजता येत नाही, त्याचे तिथेही तेच होते.

रविवारची तालीम

खोलीत एक कागद डकवावा, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण रात्री तिथे असतो तो शिपाई किंवा वॉचमन. त्यावर क्रमवार यंत्रांची नावे, कोणत्या बटणाला हात लावायचा नाही, आणि कुणाला फोन करायचा, एवढेच असावे. आणि वर्षातून एकदा, आधी बॅकअप घेऊन आणि कुणी काम करत नसताना, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून घड्याळ लावून बसावे.

एका सोसायटीत आम्ही ही तालीम पहिल्यांदा केली तेव्हा कागदावर बॅटरीची वेळ ३० मिनिटे लिहिलेली होती. मॅनेजर, शिपाई आणि मी तिघे खुर्च्या टाकून बसलो, चहा सांगितला. चहा यायच्या आत, चौथ्या मिनिटाला, यूपीएसने शिट्टी मारली आणि खोली अंधारली. सोमवारी बॅटऱ्यांची ऑर्डर गेली, आणि खोक्यात पडून राहिलेली ती यूएसबी केबल त्याच दुपारी जोडली.